‘शॅल’ या क्रियापदाचें देणें

इंग्रजी व्याकरण ज्यांनीं लहानपणीं घोकलें आहे त्यांना ‘आय शॅल, यू विल, ही विल’ हा पाठ स्मरत असेल. प्रथमपुरुषीं ‘शॅल’ आलें तर नुसता भविष्यकाळ. तेंच द्वितीय वा तृतीय पुरुषीं आलें कीं आज्ञा, वचन किंवा धाक. हा भेद जॉन वॉलिस या गणितज्ञानें १६५३ सालीं लॅटिनमध्यें लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणांत घालून दिला. बोलण्यांत तो इंग्रजांनींहि पुरतेपणीं कधीं पाळला नाहीं. आज संभाषणांत हें क्रियापद उरलें आहे तें बहुतेक ‘शॅल वुई गो?’ अशा पृच्छेपुरतें.

त्याचें मूळ मात्र पाहण्याजोगें आहे. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ ‘देणें लागणें’ असा होता. जर्मन भाषेंत ऋणाला आणि अपराधाला मिळून असलेला ‘शुल्ड’ हा शब्द त्याच कुळांतला. मराठी माणसाला यांत नवल वाटूं नये. ‘मी त्याचें देणें लागतों’ आणि ‘मला जावें लागतें’, हीं दोन्ही वाक्यें आपणहि एकाच धातूनें चालवितोंच कीं!

कर्तव्याचा हा जुना अर्थ कायद्यानें जपला. भारतीय राज्यघटनेच्या इंग्रजी प्रतींत ‘शॅल’ पानोपानीं आहे. ‘मे’ म्हणजे करतां येईल, ‘शॅल’ म्हणजे केलेंच पाहिजे, असा सर्वसाधारण समज. पण अनुच्छेद ३२० मध्यें सरकारी नोकरांच्या शिस्तीच्या प्रकरणीं लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयीं ‘शॅल’ असूनहि तें तेथें केवळ निदेशात्मक आहे, सल्ला न घेतल्यानें कारवाई रद्द होत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं दिला. उत्तर प्रदेशांतील एका नोकराचें भवितव्य त्या एका क्रियापदावर टांगलेलें होतें! अमेरिकेंत याच संदिग्धतेपायीं २००७ मध्यें नव्यानें लिहिलेल्या संघीय दिवाणी नियमांतून ‘शॅल’ काढून टाकण्यांत आलें.

आतां मराठी भाषांतरकाराची पंचाईत पाहा. घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदांत ‘शॅल बी’ला मराठींत ‘असेल’ म्हटलें आहे. परंतु ‘तो घरीं असेल’ असें आपण खात्री नसतांनाच म्हणतों. ‘असला पाहिजे’ म्हणावें तर तोहि तर्कच. माझ्या मतें आमचे दस्तऐवज लिहिणारे अधिक चतुर. ‘दुरुस्तीची जबाबदारी भाडेकरूची राहील’ असें ते लिहितात, आणि त्या ‘राहील’मध्यें भाडेकरूला शंका काढण्यास जागा नसते.