भिंतीला टेकलेली पेन्सिल



शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत हमखास दिसणारा एक प्रयोग आहे. रबराच्या तुकड्यात चार गोल चुंबक उभे खोवलेले असतात आणि त्यांना न शिवता, त्यांच्या वर एक पेन्सिल आडवी तरंगत असते. चिमटीत धरून तिला फिरकी दिली की बराच वेळ ती गरगरत राहते. मुलं तिच्या खालून कागदाची पट्टी सरकवून बघतात, खरंच अधांतरी आहे ना याची खात्री करून घेतात. मग एखादी चौकस मुलगी म्हणते, "पण तिचं टोक त्या भिंतीला टेकलंय की!" प्रयोग मांडणारा विद्यार्थी तिथे ओशाळतो. आपली लबाडी पकडली गेली असं त्याला वाटतं.

ती लबाडी नाही, हे मला आज सांगायचं आहे. टेकलेलं ते टोक हाच या प्रयोगाचा गाभा आहे.

आपल्याकडे ही पेन्सिल अनेकांपर्यंत पोचली ती अरविंद गुप्ता यांच्यामुळे. ते आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली, पुढे ती सोडली आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणं हेच आयुष्याचं काम मानलं. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कितीतरी वर्षं मुलांबरोबर अशी खेळणी केली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पद्धतीनं ही पेन्सिल करायला जुन्या स्लिपरचा तळ, एक निकामी सीडी, एक पेन्सिल आणि मधे भोक असलेले सहा चुंबक एवढंच लागतं. हे काळे फेराईटचे रिंग मॅग्नेट पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

आधी सहाही चुंबक पेन्सिलीत ओवा आणि एकमेकांना चिकटू द्या. चिकटले म्हणजे सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला आहेत. आता प्रत्येकाच्या त्याच बाजूला व्हाईटनरचा ठिपका द्या. इथे आळस केला तर पुढे सगळं काम फसतं. मग कागदाची पट्टी गुंडाळून दोन चुंबक पेन्सिलीवर घट्ट बसवा, एक पुढे आणि एक मागे. उरलेल्या चारांच्या दोन जोड्या करा. स्लिपरच्या तळाला कटरनं चिरा पाडून पेन्सिलीवरच्या प्रत्येक चुंबकाखाली एक जोडी उभी खोवा. जोडीतल्या दोघांत थोडं अंतर हवं, म्हणजे वरचा चुंबक त्यांच्या मधोमध राहील. सगळे ठिपके एकाच बाजूला हवेत. असे शेजारी-शेजारी, एकाच दिशेला तोंड करून उभे असलेले चुंबक एकमेकांना दूर ढकलतात. शाळेत ज्याला आपण प्रतिकर्षण म्हणतो ते हेच.

आता पेन्सिल वर धरा आणि हळूच सोडा. ती वर उचलली जाते, आणि त्याच क्षणी पुढे किंवा मागे सटकते. पुन्हा ठेवा, पुन्हा सटकते. चुंबक केसभर पुढे घ्या, केसभर मागे घ्या, जोड्यांमधलं अंतर बदला. काही केलं तरी ती ठरत नाही. मग टोकासमोर भिंतीसारखी सीडी उभी खोवा आणि पेन्सिलीवरचे चुंबक खालच्या जोड्यांपेक्षा किंचित सीडीच्या बाजूला सरकवा. पेन्सिल सीडीकडे ढकलली जाते, टोक टेकतं आणि ती स्थिर होते.

टेकल्यावाचून ती का राहत नाही? याचं उत्तर 1842 साली देऊन झालेलं आहे. सॅम्युएल अर्नशॉ हा इंग्लंडमधला धर्मोपदेशक आणि गणिती. प्रकाश ईथर नावाच्या माध्यमातून प्रवास करतो असं तेव्हा मानत. त्या ईथरचे कण एकमेकांना जागच्या जागी कसे धरून ठेवत असतील, हा अर्नशॉचा प्रश्न होता. त्यानं गणितानं दाखवलं की अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होणारं बळ कोणत्याही कणाला सर्व दिशांनी स्थिर ठेवू शकत नाही. कायमचे चुंबक कसेही मांडले तरी त्यांना हा निष्कर्ष लागू पडतो, आणि गुरुत्वाकर्षण जमेस धरलं तरी त्यात फरक पडत नाही.

घाटातली खिंड डोळ्यांसमोर आणा. खिंडीत उभं राहिलं की दोन्ही हातांना डोंगर चढत गेलेले असतात, पण पुढे आणि मागे उतार असतो. चुंबकांच्या बळांमुळे अवकाशात जी जागा तयार होते ती अशी असते. चारी बाजूंनी चढ असलेला खड्डा त्यांना करता येत नाही. एका दिशेला चढ वाढवला की दुसऱ्या दिशेचा उतार तेवढाच तीव्र होतो. आपल्या पेन्सिलीला वरखाली आणि डावीउजवीकडे चढ आहे, म्हणून ती तिथे ठरते. उतार राहतो तो लांबीच्या दिशेला, आणि सीडी तोच अडवते. सहा चुंबकांना जे जमत नाही ते एक स्पर्श करतो, आणि तो स्पर्श फिरण्याच्या अक्षावरच असल्यामुळे घर्षण अगदी नगण्य असतं.

कारखानदारांनीही ही तडजोड मनापासून स्वीकारली. जुन्या विजेच्या मीटरमध्ये काचेआड फिरणारी अ‍ॅल्युमिनियमची चकती अनेकांना आठवत असेल. त्यांतल्या काही मीटरांत चकतीचं वजन चुंबक पेलत आणि ती बाजूला जाऊ नये म्हणून वरखाली बारीक पिना असत. म्हणजे आपली पेन्सिलच, उभी केलेली.

मग स्पर्श न करता तरंगणाऱ्या वस्तू आपण पाहतो त्या कशा? अर्नशॉचं गणित चुकलेलं नाही, पण ते स्थिर, कायमच्या चुंबकांपुरतं आहे. ही अट मोडली की वाट मिळते. रॉय हॅरिगन या अमेरिकन संशोधकानं 1983 साली चुंबकावर तरंगणाऱ्या भोवऱ्याचं पेटंट घेतलं. भोवरा फिरतो आहे तोवर तरंगतो, वेग मंदावला की कोसळतो. दुसरी वाट विद्युतचुंबकाची. वस्तू जरा खाली आली की संवेदक ते ओळखतो आणि प्रवाह वाढवतो, वर गेली की कमी करतो. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी प्रकल्पासाठी हेच बनवतात. शांघायची मॅग्लेव्ह रेल्वे याच तत्त्वावर साधारण एक सेंटीमीटरची फट राखत तरंगते, ताशी 430 किलोमीटर वेगासाठी ती बांधलेली आहे. अतिसंवाहकांची वाट आणखी निराळी आहे. तिला द्रव नायट्रोजन लागतो, त्यामुळे तिचा विचार घरी करायला नको.

घरी करण्यासारखी आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी वाट प्रतिचुंबकीय पदार्थांची आहे. काही पदार्थ चुंबकाच्या कोणत्याही ध्रुवापासून किंचित दूर सरतात. पाणी त्यांतलंच, बिस्मथ आणि ग्राफाइटही. त्यांच्यातलं चुंबकत्व कायमचं नसतं. समोर आलेल्या क्षेत्राला विरोध म्हणूनच ते जागं होतं, म्हणून अर्नशॉची मनाई त्यांना लागू होत नाही. वेर्नर ब्राउनबेक या जर्मन शास्त्रज्ञानं 1939 साली बिस्मथ आणि ग्राफाइटचे बारीक तुकडे असे तरंगवून दाखवले. 1997 मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे आंद्रे गाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 16 टेस्लाच्या क्षेत्रात जिवंत बेडूक तरंगवला, कारण बेडकाच्या शरीरात बहुतांश पाणीच असतं. याच गाइम यांना पुढे 2010 साली ग्राफिनवरच्या कामासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. ग्राफिन म्हणजे ग्राफाइटचा एका अणूइतका पातळ थर, आणि ग्राफाइट तर पेन्सिलीच्या शिशातच असतं.

पायरोलिटिक ग्राफाइट नावाची पातळ चकती मिळते. चार निओडिमियम चुंबक बुद्धिबळाच्या पटासारखे, एकाआड एक ध्रुव वर करून मांडले, तर ती त्यांच्या किंचित वर तरंगत राहते. वीज नाही, भिंत नाही, फिरकी नाही. ती मिळाली नाही तर द्राक्षं घ्या. स्ट्रॉच्या दोन टोकांना दोन द्राक्षं खोचा, स्ट्रॉ मधोमध दोऱ्यानं टांगा, पंखा बंद करा आणि ती शांत होऊ द्या. मग निओडिमियम चुंबक एका द्राक्षाजवळ न्या. द्राक्ष सावकाश दूर जायला लागेल. चुंबक उलटा धरा, तरीही ते दूरच जाईल. पाणी चुंबकाला विरोध करतं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा याहून सोपा प्रयोग मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र अतिशय गंभीरपणे सांगतो. निओडिमियम चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वळ्या मध्ये चिमटून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. असं झाल्याचा संशय जरी आला तरी वाट न पाहता दवाखाना गाठा. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनीही हे चुंबक जवळ आणू नयेत. पेन्सिलीला साधे फेराईटचे चुंबक पुरतात. द्राक्षांचा प्रयोग मोठ्यांनी स्वतःच्या हातानं करून दाखवावा.

बाजारात तरंगणारे पृथ्वीगोल मिळतात, सुंदर दिसतात. पण त्यांचं सगळं काम बंद डब्यात चालतं. पेन्सिलीत काहीच झाकलेलं नाही, म्हणून शिकण्यासाठी मी पेन्सिलच निवडेन.

शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. मुलांना साहित्य द्याल तेव्हा सीडी मागे ठेवा. सहा चुंबक, स्लिपर आणि पेन्सिल द्या, आणि नुसत्या चुंबकांवर पेन्सिल ठरवून दाखवा म्हणून सांगा. एक तास जाऊ द्या, दोन जाऊ द्या. ती खाली पडत नाही, बाजूला कलंडत नाही, प्रत्येक वेळी लांबीच्या दिशेनंच निसटते, हे त्यांचं त्यांना दिसू द्या. मगच त्यांच्या हातात सीडी द्या.