श्वापदांच्या पोटातील बिऱ्हाडकरू

वाघ म्हटला की त्याची डरकाळी, त्याचे पट्टे आणि त्याचा पंजा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. त्या देखण्या कातड्याच्या आत, आतड्यांत, जठरात, क्वचित फुप्फुसातही, कितीतरी जीव बिऱ्हाड थाटून राहिलेले असतात, हे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. आज मी बोलणार आहे ते या बिऱ्हाडकरूंविषयी, म्हणजे रानटी मांसाहारी जनावरांच्या जंतांविषयी. आणि त्यासाठी आपणाला चेन्नईजवळच्या वंडलूर येथील प्राणिसंग्रहालयात घेऊन जाणार आहे.

चेन्नईला, म्हणजे पूर्वीच्या मद्रासला, प्राणिसंग्रहाची परंपरा जुनी आहे. १८५५ मध्ये तेथील सरकारी वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड बाल्फोर यांनी संग्रहालयाच्याच आवारात जनावरे ठेवण्यास आरंभ केला. पुढे ती सेंट्रल स्टेशनाजवळच्या पीपल्स पार्कात गेली आणि तेथे शंभरावर वर्षे राहिली. शहर वाढले, जागा अपुरी पडू लागली; तेव्हा वंडलूरच्या राखीव जंगलात नवे संग्रहालय उभारण्यात आले व ते १९८५ मध्ये लोकांस खुले झाले. अरिग्नर अण्णांचे नाव धारण करणारे हे उद्यान आज सुमारे सहाशे हेक्टरांवर पसरलेले आहे. गजांचे पिंजरे जाऊन खंदकांनी वेढलेली, झाडाझुडपांची मोकळी आवारे आली. पाहणाऱ्याला ते सुखावह वाटते; वाघालाही वाटत असणार. जंतांच्या हिशेबाने पाहिले तर मात्र या सुखाला एक बोचरी बाजू आहे.

ती समजण्यासाठी जंताचा संसार थोडा पाहावा लागेल. सिंह-वाघांच्या आतड्यांत सर्रास आढळणारा एक गोलकृमी आहे. शास्त्रज्ञ त्याला टॉक्सॅस्कॅरिस लिओनिना म्हणतात. त्याचे अंडे विष्ठेबरोबर बाहेर पडते, उबदार व ओलसर मातीत थोड्याच दिवसांत त्याच्या आत अळी तयार होते, आणि ते अंडे पुन्हा एखाद्या जनावराच्या तोंडात गेले की चक्र पूर्ण होते. याचाच भाऊबंद असलेला टॉक्सोकारा अधिक धूर्त आहे. मांजरांत असे दिसून आले आहे की त्याच्या अळ्या आईच्या दुधावाटे थेट पिल्लाच्या पोटात शिरतात. पिल्लू पहिला घास गिळण्यापूर्वीच त्याच्या घरात भाडेकरू आलेला असतो! आणि यांची प्रजननशक्ती तरी किती? कुत्र्याच्या टॉक्सोकाराची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालू शकते. ही अंडी जाड कवचाची असून मातीत वर्षानुवर्षे तग धरतात.

आता रानातला वाघ पाहा. त्याचा मुलूख अनेक चौरस मैलांचा. आज येथे, उद्या दोन डोंगर ओलांडून पलीकडे. तो ज्या जागी विष्ठा टाकतो त्या जागी तो पुन्हा केव्हा येईल याचा नेम नाही. आणि दरम्यान ऊन, वारा आणि कोरडेपणा त्या लाखो अंड्यांतील बहुतेकांचा निकाल लावतात. उरलेले थोडे जंत पोटात जातात, राहतात, आणि धडधाकट वाघाला त्यांचा फारसा उपद्रवही होत नाही. तेथे अंतर हेच औषध असते. आवारात हेच औषध नाहीसे होते. तोच वाघ त्याच मातीवरून दिवसातून शंभर वेळा फिरतो, तेथेच लोळतो आणि अंगाला लागलेली माती जिभेने चाटून काढतो. जुन्या पिंजऱ्याची फरशी कितीही केविलवाणी असली तरी ती रोज पाण्याने धुता येत असे. माती कोण धुणार? त्यात ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येचा पाऊस चेन्नईला झोडपतो. ऊब आणि ओल दोन्ही एकदम मिळाल्यावर अंड्याला आणखी काय हवे? अंकुशकृमीच्या अळ्या तर कातडीतूनही आत शिरतात. त्यांनाही अशीच ओली माती मानवते.

म्हणून मला वाटते की जंत हा जितका पोटाचा रोग, तितकाच तो जागेचा रोग आहे. पिंजरा परत आणावा असा याचा अर्थ नव्हे. पण मोकळे आवार दिले की आपले कर्तव्य संपले, ही समजूत खरी नाही. आवारे आलटून पालटून मोकळी ठेवणे, विष्ठा वेळच्या वेळी उचलणे, वरची माती बदलणे, ही कंटाळवाणी कामे औषधाइतकीच मोलाची आहेत.

बाहेरून गुबगुबीत दिसणाऱ्या सिंहाला जंत आहेत हे कळते कसे? युक्ती साधी आहे. विष्ठेचा थोडा भाग मिठाच्या दाट द्रावणात कालवतात. अंडी हलकी असल्याने वर तरंगतात, ती काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सिंहाला हातही न लावता निदान होते. चेन्नईत ही विद्या शिकण्यास दूर जावे लागत नाही. वेपेरी येथील पशुवैद्यक महाविद्यालय १९०३ पासून चालू आहे. एकेकाळी पायपेराझिन हे मुख्य औषध होते. आता फेनबेन्डाझोल, आणि पट्टकृमींसाठी प्राझिक्वान्टेल, मांसाच्या तुकड्यात दडवून देतात. पण औषध पोटातल्या जंताला मारते, मातीतल्या अंड्याला नव्हे. आणि तेच तेच औषध अंदाजाने देत गेल्यास त्याला न जुमानणारे जंत निपजतात, हा मेंढपाळांचा जगभरचा अनुभव आहे.

या कृमींपैकी काहींची पहिली ओळख शास्त्राला प्राणिसंग्रहालयांतच झाली, हे ऐकून कदाचित नवल वाटेल. १८३६ मध्ये लंडनला मरण पावलेल्या एका वाघाच्या जठरातील गाठीत रिचर्ड ओवेन यांना काटेरी डोक्याचा नॅथोस्टोमा सापडला. १८७८ मध्ये केर्बर्ट यांनी वाघाच्या फुप्फुसातील पर्णकृमीचे वर्णन केले, आणि ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक वेस्टरमान यांचे नाव त्याला दिले. हा पर्णकृमी आधी गोगलगाईत वाढतो, मग खेकड्यात, आणि खेकडा खाणाऱ्याच्या फुप्फुसात अखेर स्थिरावतो. अर्धाकच्चा खेकडा खाणाऱ्या माणसालाही या कुळातले कृमी सोडत नाहीत. ईशान्य भारतात असे रुग्ण आढळलेले आहेत. आपल्या कोकणातले खेकड्याचे कालवण चांगले रटरटून शिजते, हे आपले नशीब.

जून २०२१ मध्ये वंडलूरच्या सिंहांना करोनाची लागण झाली, दोन सिंह दगावले, आणि सारा देश हळहळला. जंतांना अशी प्रसिद्धी लाभत नाही. त्यांच्यामुळे पिल्लू हळूहळू खंगते, पोट फुगते, केसांचे तेज जाते. आणि दुसरा एखादा रोग आला की त्याच्यापुढे ते टिकत नाही.

मग रानातल्या वाघांनाही औषध द्यावे काय, असे पुष्कळजण सद्भावनेने विचारतात. माझे उत्तर नकारार्थी आहे. शेकडो मैलांच्या जंगलात मात्रा कोणी, किती घेतली हे कळायचे कसे? आणि जी गाठ त्या दोघांत हजारो पिढ्यांपासून बसलेली आहे, ती सोडवण्याची निकडही तेथे नाही. अभ्यासक जंगलातल्या पायवाटेवर वाघाची विष्ठा गोळा करतात, तिच्यातली अंडी पाहतात, नोंद करतात, आणि वाघाला त्याच्या बिऱ्हाडकरूंसह पुढे जाऊ देतात. जंगलाच्या कडेच्या गावांतील मोकाट कुत्र्यांकडे मात्र त्यांचे लक्ष असते. कारण तेथून येणारे जंत आणि इतर रोग वाघाच्या ओळखीचे असतीलच असे नाही.