डोळ्यांतले थेंब
(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानावरून)



महाराष्ट्रातून दिल्लीस आलेल्या आपल्यापैकी अनेकांचे पहिले दोन-तीन वसंत निर्विघ्न जातात. मग एखाद्या फाल्गुनात डोळ्यांना अशी खाज सुटते की चोळता पुरवत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर हे येथील परागकणांचे मोसम. इंग्रजी अमदानीत रिजवर लावलेली विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, त्यात भर घालते. मे-जूनच्या आंध्या धूळ आणतात. उरलेसुरले काम नोव्हेंबरचा धूर करतो.

आम्ही वैद्य नव्हे. तरी हा विषय घेतला, कारण आमच्याच घरी चूक घडली. धाकट्या मुलास डॉक्टरांनी दोन आठवड्यांपुरते थेंब लिहून दिले. गुण आला. चिठ्ठी आम्ही फाईलीत जपून ठेवली (सवय कुठली जाणार!) आणि पुढे दीड वर्ष, डोळे लाल झाले की तीच बाटली आणीत राहिलो. औषध चिठ्ठीवाचून न देण्याचे. पण जुनी चिठ्ठी कोण पाहतो? चष्म्यासाठी तपासणी झाली तेव्हा कळले, डोळ्यांतील दाब वाढला होता. थेंबांत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड होते. त्याने डोळ्यातील द्रवाचा निचरा अडतो, दाब वाढतो आणि दृष्टीची नस सुकू लागते. दुखत काहीच नाही. थेंब थांबविल्यावर दाब उतरला; एका डोळ्याच्या कडेची थोडी नजर मात्र गेली ती गेलीच.

ॲलर्जीसाठी ओलोपॅटाडीनसारखी स्टिरॉइड नसलेली औषधे आहेत. केवळ लाली घालविणारे नॅफाझोलीन काही दिवसांहून अधिक घातले, तर थांबविताच लाली दुपटीने येते. बाटलीचे टोक पापणीस लावू नये. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. थेंब एकच पुरतो. तो घालून डोळा मिटावा आणि नाकाकडील कोपरा मिनिटभर दाबावा. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास आधी काढावी. फोडलेली बाटली साधारण महिन्याने टाकून द्यावी. मुलांना डोळे चोळू देऊ नये, गार पाण्याची घडी ठेवावी. सततच्या चोळण्याने बुबुळाचा आकार बिघडू शकतो.

डोळा दुखला, अंधुक दिसले किंवा उजेड सोसेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एम्सच्या आवारात १९६७ साली स्थापन झालेले डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रकेंद्र आपल्याच शहरात आहे. काही मुलांना स्टिरॉइड खरोखरच लागते. तसे असल्यास ते किती दिवस घालावयाचे आणि दाब केव्हा मोजावयाचा, हे चिठ्ठीवर लिहून मागावे.