करसल्लागाराचा व्यवसाय आणि आपण सर्व

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी शिक्षणावरच बोलेन असे पुष्कळांनी गृहीत धरले असेल. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत पाढे शिकविणाऱ्या मास्तराकडून दुसरी अपेक्षा ती कोणती करावी? परंतु सेवानिवृत्तीनंतर गेली आठ वर्षे माझा दिवस माझ्या पुतण्याच्या कचेरीत जातो. तो वाणिज्य शाखेचा पदवीधर असून आपल्या तालुक्याच्या ठिकाणी लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देण्याचा व्यवसाय करतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कायद्याचा अर्थ लावणे हे माझे काम नव्हे. कागद लावून ठेवावेत, बेरजा ताडून पाहाव्यात आणि आलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना धीर द्यावा, एवढेच मी करतो. आपल्या ज्ञातीतील पाचसहा तरुण आज याच व्यवसायात आहेत व आणखी काही येऊ पाहत आहेत. म्हणून या व्यवसायातील रोजच्या अडचणी आपणांपुढे मांडाव्यात असे मनात आले.

प्राप्तिकर हा आपल्याकडे काही नवा नाही. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरी रिकामी झाली, तेव्हा जेम्स विल्सन या अर्थमंत्र्याने १८६० साली तो प्रथम लागू केला. पुढे १८८६ व १९२२ चे कायदे आले. त्यानंतर १९६१ चा कायदा झाला व तो १ एप्रिल १९६२ पासून अमलात आला. त्यात जवळजवळ दरवर्षी दुरुस्त्या होत गेल्या आणि त्याची कलमे आठशेच्या वर गेली. त्याची जागा घेणारा २०२५ चा कायदा ५३६ कलमांचा असून १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा दिनांक आहे. शाळेत एकदा पाठ केलेला पाढा जन्मभर पुरतो. करसल्लागाराला मात्र दर फेब्रुवारीत अंदाजपत्रक आले की पुन्हा पहिलीच्या वर्गात बसावे लागते. जुनी करपद्धती आणि नवी करपद्धती अशा दोन वाटा झाल्यापासून तर प्रत्येक माणसाचा हिशेब दोनदा करून पाहावा लागतो, आणि त्यास मेहनताना मात्र एकदाच मिळतो.

आता रोजच्या अडचणींकडे वळतो. पहिली अडचण वेळेची. पगारदारांची व निवृत्तिवेतनधारकांची विवरणपत्रे भरण्याची नेहमीची मुदत ३१ जुलै. वर्ष मार्चमध्ये संपते, परंतु आमचे लोक जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतात. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही रीत आहे. मुदत चुकली तर एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असल्यास १,००० रुपये व त्याहून अधिक असल्यास ५,००० रुपये विलंबशुल्क पडते. ते पडले की रोष सल्लागारावर होतो. शेवटच्या दोन दिवसांत सरकारी संकेतस्थळ मंदावते. जून २०२१ मध्ये नवे संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा पहिले काही महिने ते इतके अडखळले की त्या वर्षीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. २०२५ साली मुदत १५ सप्टेंबरपर्यंत गेली व त्या दिवशी रात्री ती आणखी एका दिवसाने वाढली. ऐकणारास वाटेल, मुदत वाढली म्हणजे बरे झाले. परंतु मुदत वाढली की येणारेही तितकेच पुढे सरकतात. त्या वर्षी गौरी-गणपतीत आरती आटोपून पुतण्या पुन्हा कचेरीत जाऊन बसे. जेवणाचे ताट झाकून ठेवलेले असे. या व्यवसायातील माणसाच्या घरच्यांचे श्रम कोणत्याही हिशेबात धरले जात नाहीत, म्हणून ते येथे मुद्दाम सांगतो.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे नाव बदलते. तिचा स्थायी लेखा क्रमांक, म्हणजे आपण ज्यास 'पॅन' म्हणतो तो, माहेरच्या नावाने असतो, आधारपत्र सासरच्या नावाने आणि बँकेचे खाते तिसऱ्याच रीतीने लिहिलेल्या नावाने. माणसाचा क्रमांक जन्मभर एकच असतो, परंतु त्यावरील नाव दुरुस्त करून घ्यावे लागते. ते न केल्यामुळे हक्काचा परतावा अडकून राहतो. एका विधवा भगिनीच्या ठेवीवरील व्याजातून बँकेने कर कापला होता व तो सबंध परत मिळण्यासारखा होता. विवरणपत्र बिनचूक भरले गेले, पण खात्यावरील नाव जुळेना. बँकेत तीन खेपा घातल्यावर ते काम झाले. रक्कम साडेसहा हजारांची होती. आपणांपैकी कित्येकांस ती लहान वाटेल, परंतु त्या बाईंचे दोन महिन्यांचे औषधपाणी तीत होते.

तिसरी अडचण सांकेतिक अंकांची. विवरणपत्र पाठविल्यावर ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी लागते. बहुधा ती आधाराशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर येणाऱ्या अंकांनी होते. वडील येथे समोर बसलेले, त्यांचा क्रमांक मुलाच्या नावावर, आणि मुलगा पुण्यास कामावर! तो दूरध्वनी उचलीपर्यंत त्या अंकांची मुदत संपलेली असते. पडताळणी राहिली तर विवरणपत्र भरूनही न भरल्यासारखेच होते. पुष्कळांस हे ठाऊक नसते. 'काम झाले' असे समजून ते घरी जातात.

चौथी अडचण अर्धवट माहितीची. २०२१ पासून वार्षिक माहितीपत्रक निघू लागले. आपले व्याज, लाभांश, समभागांची विक्री, मोठ्या रकमांचे व्यवहार यांतील बरेच काही त्यात आपोआप नोंदले जाते. तरीही मंडळी एकच पासबुक घेऊन येतात आणि पतपेढीतील ठेव विसरतात. बँकेत कर न कापण्याविषयीचे घोषणापत्र दिले म्हणजे व्याज करमुक्त झाले, असा समज ज्येष्ठांमध्ये फार आहे. तो चुकीचा आहे. कर कापला न जाणे निराळे आणि उत्पन्न न दाखविणे निराळे. माझ्या शिक्षक बंधूंनाही एक गोष्ट सांगतो. वेतन आयोगाची थकबाकी एका वर्षी हाती पडली, तर मागील वर्षांच्या हिशेबाने सवलत मिळण्याची तरतूद १९६१ च्या कायद्यात कलम ८९ खाली होती. तिच्यासाठी 'दहा-ई' नावाचा नमुना विवरणपत्राच्या आधी भरावा लागे. तो न भरता सवलत मागितल्यामुळे कित्येक शिक्षकांना मागणीपत्रे आली. थकबाकी मिळाली, तर तसे सल्लागारास प्रथम सांगावे.

पाचवी गोष्ट भीतीची. विवरणपत्र तपासून झाले की बेंगळूरच्या प्रक्रिया केंद्राकडून प्रत्येकास एक सूचनापत्र येते. ते संगणकाने काढलेले असते व पुष्कळदा त्यात 'आपला हिशेब जुळला' एवढेच असते. परंतु 'प्राप्तिकर विभाग' हे शब्द वाचून माणसाचे पाय लटपटू लागतात. एक सद्गृहस्थ असे पत्र घेऊन रात्री दहा वाजता घरी आले होते. वाचून पाहतो तो येणे ना देणे, बाकी शून्य! असे पत्र न वाचता बाजूला टाकू नये आणि वाचून घाबरूही नये. ते सल्लागारास दाखवावे.

आता मेहनतान्याविषयी थोडे बोलतो. हा विषय नाजूक आहे, पण घरचाच आहे. डॉक्टरची फी आपण दारातच देतो. करसल्लागारास मात्र 'आपलाच आहे, बघू पुढे' असे म्हणतो. बाहेरचा इसम मागितलेले देतो, आणि ज्ञातीतला नात्याची ओळख सांगून निम्मे देतो किंवा नुसता चहा पिऊन जातो. खरोखर अडचण असलेल्याचे काम विनामूल्य करावे, हे आम्हांस मान्य आहे व तसे आम्ही करतो. परंतु ज्याची ऐपत आहे त्याने तरुणाच्या श्रमांचे मोल द्यावे. ज्ञातीने आपल्या माणसाला पुढे आणावयाचे ते त्याला काम देऊन, आणि त्या कामाचे दाम देऊन. नुसते काम दिल्याने तो पुढे येत नाही, थकतो.

याहून गंभीर गोष्ट गुप्ततेची आहे, आणि ती या सभेत सांगणेच योग्य. लग्नसराई आली की कचेरीत एखादे वडीलधारे येऊन बसतात. इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात आणि मग हळूच विचारणा होते, "अमक्यांच्या मुलाचे विवरणपत्र तुमच्याकडेच असते ना? आकडा साधारण किती?" विचारणारा मुलीचा बाप असतो. त्याची काळजी मी समजू शकतो, कारण मीही दोन मुलींचा बाप आहे. परंतु उत्तर देता येत नाही. कोणाचे उत्पन्न किती, कर्ज किती, भावाभावांत वाटणी कशी झाली, हे सारे सल्लागारास कळते ते विश्वासामुळे. तो विश्वास एकदा गेला की कचेरीच्या पाटीला अर्थ राहत नाही. एकदा असा नकार दिल्यामुळे एका घराशी आमचे जाणेयेणे वर्षभर बंद होते. तरी तो नकार योग्यच होता. आज त्याच घरचे कागद आमच्याकडे येतात. आपलेही कोणास सांगितले जाणार नाही, अशी त्यांची खात्री पटली आहे. मुलाची चौकशी जरूर करावी, पण ती मुलाकडे व त्याच्या घरी करावी.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो म्हणजे मोहाचा. सुमारे तीन वर्षांपूर्वी गावात अशी हवा उठली की, काही दलाल 'परतावा काढून देतो' म्हणून सांगतात व मिळेल त्याचा हिस्सा घेतात. न दिलेली देणगी, न भरलेले घरभाडे, न काढलेला विमा, असे काहीही विवरणपत्रात घालावयाचे, असा तो उद्योग होता. आमच्याकडे वर्षानुवर्षे येणारी वीसबावीस घरे त्या वर्षी तिकडे गेली. पुतण्याची पत्नी त्याला म्हणाली, "आपल्यालाच व्यवहार कळत नाही की काय?" त्यास उत्तर सुचेना. घरात कर्जाचा हप्ता होता, मुलाची फी होती. तरीही खोटा आकडा त्याने लिहिला नाही.

पुढे काय झाले ते पाहा. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने खोट्या वजावटी करून देणाऱ्यांवर देशभर १५० ठिकाणी झडती घेतली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे विभागाने तेव्हा जाहीर केले. आमच्याकडून गेलेल्यांपैकी एका गृहस्थास ३८,००० रुपये परतावा मिळाला होता व त्यातील मोठा वाटा दलालाने घेतला होता. विभागाचा इशाऱ्याचा संदेश आल्यावर ते आमच्याकडे आले. दलालाचा दूरध्वनी बंद होता. अद्ययावत विवरणपत्र भरून त्यांना मूळ रक्कम, तीवरील व्याज आणि त्या दोहोंवर २५ टक्के अधिक कर भरावा लागला. दलालाकडे गेलेला पैसा गेला तो गेलाच. चौकशी लागून खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले असते, तर बुडविलेल्या कराच्या दुप्पट दंड बसू शकला असता. विवरणपत्र कोणीही भरो, त्याच्या खरेपणाची हमी करदाता स्वतः देतो. "मला काही माहीत नव्हते, त्याने भरले" हे उत्तर तेथे चालत नाही.

शेतीच्या उत्पन्नाविषयीही तेच. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून दुकानाची कमाई सातबाऱ्याच्या आड लपविण्याची बुद्धी काहींना होते. दोन एकर कोरडवाहू रानात पंधरा लाखांचे पीक कसे आले, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर ना जमिनीजवळ असते ना आपल्याजवळ.

सबब, सभासद कुटुंबांना माझी नम्र विनंती अशी. मे महिन्यातच सर्व बँकांची व पतपेढ्यांची पासबुके भरून आणावीत. नोकरीच्या ठिकाणचा करकपातीचा दाखला जूनमध्ये हाती येताच द्यावा. विमा, कर्ज, औषधोपचार, देणगी यांच्या पावत्या एका पिशवीत वर्षभर ठेवाव्यात. भ्रमणध्वनी स्वतःच्या नावाचा व आधाराशी जोडलेला असावा. सुनांच्या व लेकींच्या कागदांवरील नावे आताच जुळवून घ्यावीत. एखादे उत्पन्न सांगावे की न सांगावे असा संशय आला, तर सांगावे. चूक ध्यानात आली, तर ती दुरुस्त करण्याची सोय कायद्यात आहे, तिचा उपयोग मुदतीत करून घ्यावा.

आणि या व्यवसायात येणाऱ्या तरुणांना एवढेच सांगतो. या धंद्यात झटपट धन नाही. चार महिने डोळ्यांस विश्रांती नाही. पण गावातील साध्या माणसाचा हक्काचा पैसा त्यास परत मिळवून देण्याचे काम प्रतिष्ठेचे आहे. तुम्ही खोटा आकडा लिहिण्यास नकार दिला, तर काही घरे सोडून जातील. आमची गेलेली वीसबावीस घरे होती, त्यांपैकी चौदा परत आली. उरलेली येतील न येतील, त्यावर आमची कचेरी अवलंबून नाही. मंडळाने दरवर्षी जूनमध्ये एक रविवार या कामासाठी ठेवावा, व ज्ञातीतील सर्व करसल्लागारांनी त्या दिवशी वृद्धांचे व विधवा भगिनींचे कागद विनामूल्य पाहावेत, अशी सूचना करतो. आमची कचेरी त्या दिवसापुरती मंडळाच्या स्वाधीन राहील.