संगणकावरील मराठी नांवें

कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावर वसलेलें कऱ्हाड मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचें आहे. तथापि एखाद्या विद्यार्थ्यानें शिष्यवृत्तीच्या पानावर हें गांव शोधावें, यादींत तें असावें, आणि तरीही ‘असें गांव आढळत नाहीं’ हें उत्तर यावें, असा प्रसंग सहज घडूं शकतो. तेवढ्यांत अर्जाची मुदत टळली तर नुकसान मुलाला सोसावें लागतें. दोष मात्र त्याचा नसतो. पान रचणाऱ्यानें एक लहानशी खबरदारी घेतलेली नसते.

याचें कारण असें. युनिकोड या जागतिक वर्णसंहितेंत १९९१ सालापासून देवनागरीसाठीं १२८ जागांचा स्वतंत्र विभाग आहे. संगणक अक्षराचें रूप पाहत नाहीं, त्याचा क्रमांक पाहतो. ‘कऱ्हाड’ मधील अर्धा रकार दोन रीतींनीं लिहितां येतो. एका रीतींत नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त असतो. दुसरींत साधा ‘र’, हलन्त आणि ‘झेडडब्ल्यूजे’ नांवाचें न दिसणारें जोडचिन्ह असतें. पहिल्या रीतीनें त्या नांवांत सहा क्रमांक भरतात, दुसरीनें सात. डोळ्यांना दोन्ही सारखींच. यंत्राच्या लेखीं तीं दोन निराळीं गांवें.

उपाय सोपा आहे. नांव साठवण्यापूर्वीं आणि शोधण्यापूर्वीं, दोन्ही वेळां, तें एकाच फंक्शनांतून काढावें. जावास्क्रिप्टमध्यें प्रथम ‘नॉर्मलाइझ’ ही क्रिया ‘एनएफसी’ या रूपासह चालवावी. तिनें साधा ‘र’ आणि सुटा नुक्ता यांचा एक ‘ऱ’ होतो. नंतर ‘रिप्लेसऑल’ या क्रियेनें ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या त्रयीच्या जागीं ‘ऱ, हलन्त’ ही जोडी घालावी. घाईनें जोडचिन्हें नुसतीं पुसून टाकूं नयेत. तसें केल्यास अर्ध्या रकाराचा रफार होऊन तो हकाराच्या डोक्यावर बसतो आणि गांवाचें नांवच बिघडतें. जुन्या यादीवरूनही हें फंक्शन एकदां फिरवावें.

दुसरी अडचण अनुक्रमाची. आपल्या वर्णमालेंत ‘ळ’ हकारानंतर येतो. युनिकोडांत तो ‘ल’ च्या लगेच पुढें आहे. म्हणून साध्या क्रमवारींत ‘काळे’ हें आडनांव ‘काशीद’ च्या आधीं जाऊन बसतें, आणि शेवटीं शोधणाऱ्याला तें सांपडत नाहीं. क्रम लावतांना ‘लोकेलकंपेअर’ ही क्रिया मराठीची ‘एमआर’ ही खूण देऊन वापरावी.

हीच ‘एमआर’ खूण पानाच्या आरंभींच्या ‘एचटीएमएल’ टॅगांत ‘लँग’ म्हणून द्यावी. अंध वाचकाला पान वाचून दाखविणारें यंत्र तिच्यावरून मराठी वाणी निवडूं शकतें, आणि ज्या फाँटांत सोय आहे तेथें ‘ल’ व ‘श’ यांचीं मराठी वळणें उमटतात. ‘मेटा चारसेट यूटीएफ-८’ ही ओळ पहिल्या १०२४ बाइटांच्या आंत असावी. यूटीएफ-८ मध्यें देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें. म्हणून जेथें मर्यादा बाइटांत मोजली जाते, तेथें तीस बाइटांच्या रकान्यांत दहाच चिन्हें मावतात, आणि काना, मात्रा, हलन्त हींही त्यांत मोजलीं जातात. शीर्षक ऐसपैस दिसावें म्हणून ‘लेटर-स्पेसिंग’ वाढवूं नये, शिरोरेषा तुटते.

पान लोकांपुढें ठेवण्यापूर्वीं कऱ्हाड, गोऱ्हे, काळे, काशीद अशीं दहा-बारा नांवें निरनिराळ्या कळफलकांनीं लिहून शोधून पाहावीं. या तपासणीस घटकाभराहून अधिक वेळ लागत नाहीं. ती केली नाहीं, तर मुलाला आपल्याच गांवाचें नांव चुकीचें वाटूं लागतें.