औषध नाही, काढा आहे



मटणाच्या दुकानात आपण कलेजी मागतो आणि घरी येऊन म्हणतो, आईचं काळीज कसं तुटतं बघा. कलेजी आणि काळीज, शब्द एकाच घरचे. काळीज म्हणजे मुळात यकृत. बोलता बोलता ते हृदयाच्या जागी जाऊन बसलं, आणि धीट माणसाचं काळीज वाघाचं झालं.

पारंपरिक चिनी वैद्यकातही यकृत असंच ऐसपैस आहे. त्यांच्या 'गान' या शब्दात अवयव येतो, तसाच रागही येतो, डोळे येतात, रक्ताचा साठा येतो. तिथला वैद्य नाडी धरून, जीभ बघून 'यकृताची ची अडली आहे' म्हणतो. 'ची' म्हणजे शरीरात खेळणारी प्राणशक्ती. तुमच्या रिपोर्टमधल्या एसजीपीटीबद्दल तो बोलत नसतो. ही दोन यकृतं वेगळी आहेत, एवढं लक्षात ठेवा. त्यांची गल्लत झाली की काय होतं, ते आज सांगायचंय. चीनला पुढे जाऊ. आधी इथे, चामराजपेटेत.

इथे माझी आत्या राहते. कुंपणापाशी कडुनिंब, त्याच्यावर चढलेली गुळवेल. शेजारचे कानडी लोक तिला अमृतबळ्ळी म्हणतात. नावातच अमृत, मग शंका कोण घेणार? २०२० साली करोनाच्या भीतीनं अर्धा रस्ता त्या वेलीची कांडं मागायला यायचा. आत्या रोज सकाळी काढा करायची. स्वतः प्यायची, आल्यागेल्याला द्यायची.

दिवाळीच्या सुमारास तिची भूक गेली. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसायला लागले. मी डॉक्टर, त्यामुळे फोन मलाच. मी विचारलं, "आत्या, औषधं कुठली चालू आहेत?"

"थायरॉइडची गोळी. बाकी काही नाही रे."

दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर. एसजीपीटी नऊशेच्या वर. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई, सगळे निगेटिव्ह. पंधरा दिवस आम्ही कारण शोधत होतो. मग मी घरी गेलो. तिनं माझ्यापुढे पेला ठेवला. "घे, कडू आहे, पण चांगलं असतं."

म्हटलं, "अगं, हे रोज घेतेस? मग सांगितलं का नाहीस?"

"तू औषध विचारलंस. हे औषध कुठंय? काढा आहे."

चूक तिची नव्हती. माझा प्रश्न चुकला होता.

काढा बंद केला, यकृततज्ज्ञांचे उपचार झाले, आकडे उतरायला तीन महिने लागले. आता, एका आत्यावरून सिद्ध काहीच होत नाही. पण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली दिसली. थायरॉइडसारखे आजार ज्यांना आधीच असतात, त्यांना हा धोका जास्त असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे. आयुष मंत्रालयानं मुंबईच्या अभ्यासावर आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासलेलं नाही. आक्षेप रास्त आहे. पण तो आपल्यालाही लागू पडतो. कडुनिंबावरची वेल नक्की कुठली, हे आत्यानं तरी कुठे तपासलं होतं?

मग एवढा विश्वास येतो कुठून? त्याचं उत्तर काविळीत आहे.

आपल्याकडे कावीळ 'उतरवतात'. चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळं होतं. हातांना आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, तो चुन्याशी मिळून पिवळा होतो. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी होईल. कुणी काड्यांची माळ डोक्यावर ठेवतात. ओल्या काड्या सुकून आकसतात, दोरा सैल होतो, माळ लांबत खाली येते. कुणी देवडांगरीचं पाणी नाकात सोडतात, आणि नाक आग होऊन वाहायला लागतं.

आणि माणूस बरा होतो! खरंच होतो. दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय माळेला मिळतं. पण तीच ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत झाली, तर जिवावर बेतते. पिवळेपणा पित्तनलिकेतल्या खड्यानं असेल, बी प्रकारच्या विषाणूनं असेल, दारूनं असेल, तर माळ लांबत राहते आणि वेळ जातो. कावीळ हा एक रोग नाही. ती खूण आहे. कशाची खूण, ते रक्त तपासल्याशिवाय आणि सोनोग्राफीशिवाय कळत नाही.

म्हणजे झाडपाला सगळा खोटा? मुळीच नाही. तो तपासावा लागतो.

भुईआवळ्याचं बघा, कानडीत नेलनेल्ली. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी बारुख ब्लूमबर्ग यांच्यासह 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापला. हिपॅटायटिस बी बाळगणाऱ्या ३७ जणांना भुईआवळा दिला, त्यातल्या २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. ब्लूमबर्ग म्हणजे हा विषाणू शोधून १९७६ चं नोबेल मिळवणारे. जगभर आशा पसरली. मग इतर देशांत प्रयोग झाले, आणि तसा गुण पुन्हा दिसला नाही. ज्या शोधासाठी ब्लूमबर्गना नोबेल मिळालं, त्याच शोधातून निघालेली लस मात्र आज बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत देतात. ती चुकवू नका.

आता चीन. तिथे अस्वलाचं पित्त शतकानुशतकं यकृताच्या विकारांवर वापरलं गेलं. १९२७ साली जपानमध्ये मासातो शोदा यांनी त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं केलं. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड. आज ते कारखान्यात बनतं, अस्वलाला हात लावावा लागत नाही, आणि पित्तनलिकांच्या एका चिवट आजारावर आम्ही डॉक्टर तेच लिहून देतो. परंपरा तपासणीला उतरली, आणि गोळी झाली.

त्याच चीनमध्ये 'हे शौ वू' नावाचं मूळ आहे. केस काळे राहावेत आणि यकृत-मूत्रपिंडाचं पोषण व्हावं म्हणून घेतात. त्यानं यकृताला इजा झाल्याच्या इतक्या नोंदी आल्या की २०१४ साली चीनच्याच औषध-नियामकानं लोकांना सावध केलं. पोषण करायचं होतं एका यकृताचं, मार बसला दुसऱ्याला.

हे मूळ आज फोनवरून घरपोच येतं. आपल्या पेठेतल्या ग्रंथिगे अंगडीत, म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानात, पुडीवर बहुतेक वेळा नावसुद्धा नसतं. म्हणून तीन गोष्टी करा. जे घेता त्याचं नाव कागदावर लिहा, पुडी जपून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना काढा, चूर्ण, भस्म, पावडर, सगळं पिशवीत घालून न्या. आणि डोळे पिवळे दिसले की आधी तपासणी, मग बाकी सगळं. झोप फार येऊ लागली, बोलणं बरळू लागलं, रक्त येऊ लागलं, तर थांबू नका, इस्पितळ गाठा.

आणि माझ्यासारख्या डॉक्टरांना एकच सांगणं. "औषध काय घेता?" एवढंच विचारू नका. विचारा, "सकाळी उठल्यावर काय काय पिता?"

आत्या ठणठणीत आहे. वेल तिनं काढलेली नाही. म्हणते, झाडानं काय केलंय? पण कुणी कांड मागायला आलं, की आधी विचारते, "तुला थायरॉइड आहे का?"