मिठाची पिवळी ज्योत

आज रात्री चुलीपाशी बसाल तेव्हा एक गंमत करून पाहा. हात जपून चिमूटभर मीठ ज्वाळेत टाका. ज्वाळा क्षणभर पिवळीधमक होईल. मीठ मिठागरातले असो की खाणीतले, रंग तोच. असे का व्हावे?

मीठ तापले म्हणजे त्यातील सोडियमचे काही अणू सुटे होतात. अणूच्या मधोमध जड असे केंद्र असते आणि भोवती इलेक्ट्रॉन. सोडियमच्या अणूत ते अकरा. त्यांतल्या सर्वांत बाहेरच्या एकाचीच ही करामत!

आपली पायऱ्यांची विहीर डोळ्यांपुढे आणा. माणूस या पायरीवर उभा राहील, नाहीतर त्या पायरीवर; मध्येच अधांतरी उभे राहता येत नाही. इलेक्ट्रॉनचेही तसेच. ऊर्जेच्या ठराविक पायऱ्याच त्याला मोकळ्या असतात. डेन्मार्कचे नील्स बोर यांनी हा विचार १९१३ साली मांडला. ज्वाळेच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो, पण तेथे टिकत नाही. सेकंदाचे सहा कोटी भाग केले, तर साधारण एका भागाइतक्या वेळात तो खाली येतो आणि घेतलेली ऊर्जा प्रकाशरूपाने परत करतो. पायरीची उंची ठरलेली, म्हणून रंगही ठरलेला.

शिक्षक बंधुभगिनींनो, फळ्यावर आपण सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी अणूची आकृती काढतो. आरंभाला ती चालेल. पण पुढे संशोधनात पायऱ्या टिकल्या, त्या वाटोळ्या वाटा मात्र टिकल्या नाहीत. इलेक्ट्रॉन कोठे सापडण्याचा संभव किती, एवढेच सांगता येते. मुलांना हेही जरूर सांगा.

प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या निराळ्या. जणू अंगठ्याचा ठसाच. १८ ऑगस्ट १८६८ रोजी आपल्या देशातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन त्यासाठी गुंटूरला आले होते. त्या ग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचे रंग वेगळे करून पाहताना निरीक्षकांना एक पिवळी रेषा आढळली. वाटले, सोडियमच असेल! पण रेषेची जागा किंचित सरकलेली होती. इंग्लंडात लॉकियर यांनी ती पुन्हा तपासली आणि हे अनोळखी मूलद्रव्य असावे असे म्हटले. तोच हेलियम. पृथ्वीवर तो रॅम्झे यांच्या हाती लागला १८९५ साली, म्हणजे सत्तावीस वर्षांनी.

सूर्यावर जाऊन चिमूटभर माती कोणी आणली नव्हती. इलेक्ट्रॉन पायरी उतरला, त्याच्या प्रकाशानेच ही बातमी आणली. उद्या पोरांना चुलीतली ती पिवळी ज्योत दाखवाल, तेव्हा ही हकिगतही सांगा.